अस्तर

गोराईच्या ग्लॅडविनने घडवलेला दिवाबत्तीवाला
औषधाच्या खोक्यात, कापसावर निजून आला.
उंची तीन इंच. खांद्यावर शिडी, हातात काठी,
अंगाचा रंग जुन्या दातांचा.
आमच्या कवळ्यांच्या लॅबमध्ये त्याला ए-थ्री म्हणायचे,
रोज सहा कप चहा पिणाऱ्याची छटा.

आता रंगवायचं?
छे. आधी आंघोळ.
साच्यातून सुटताना अंगाला एक तेल लागतं,
डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतं.
ते राहिलं की रंग महिनाभर गुण्यागोविंदाने नांदतो
आणि मग नेमका नाकावरून सालपटासारखा निघतो.
कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब,
निवृत्त झालेला टूथब्रश:
काखेत, गुडघ्यामागे, पागोट्याखाली कानाच्या पाळीत.

कुंदाताई दारातूनच,
"कुठला गं देव हा?"
देव नाही हो. पूर्वी रस्त्यावरचे गॅसचे दिवे लावायचा ना, तो.
"मग देवच की," म्हणाल्या,
आणि विरजण घेऊन गेल्या.

शिडी वाकलेली होती.
उकळत्या पाण्यात धरली, वीस आकडे मोजले,
काचेवर दाबून गार पाणी ओतलं. सरळ झाली.
पण रेझिनला आठवण असते,
ऊन लागलं की जुन्या बाकाकडे परत निघतं.
म्हणून सुईएवढं भोक पाडून
आत पितळेची तार घातली आहे.
माझा शिडीवर विश्वास आहे. तारेवर जास्त.

साच्याचे दोन अर्धे जिथे भेटले तिथे एक रेघ,
कानापासून खांद्यावरून थेट घोट्यापर्यंत.
पातं उभं धरायचं, कापायचं नाही, खरवडायचं,
भेंडीचा बुळबुळीतपणा पुसावा इतक्या हलक्या हाताने.
मग पॉलिशपेपर, पाण्याखाली.
पाण्याखालीच.
दळवी मास्तरांनी एकतीस वर्षं कवळ्या कोरड्या घासल्या,
लेंग्यावर, भुवयांवर, डब्यातल्या चपातीवर
गुलाबी पीठ.
आता ते पहिल्या मजल्याला दोनदा बसतात.

मग थांबणं.
जूनपासून भिंतीवरचा काटा
ऐंशीच्या खाली उतरायला तयार नाही.
अशा हवेत फवारा मारला
तर चेहऱ्यावर पिचासारखी लव उगवते,
एक कोळीण अशीच घालवली मी, गेल्या सप्टेंबरात.
दसरा गेला, दिवाळी गेली.
दिवाबत्तीवाला शोकेसमध्ये, अंधार पडायची वाट पाहत,
बिनरंगाचा.

जानेवारीतला बुधवार. काटा बावन्नवर.
शिवडीची गच्ची, टाकीच्या आडोशाला,
खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीवर तो चिकटवलेला.
डबा दोन मिनिटं हलवला, आतली गोळी खुळखुळली,
खालच्या मजल्यावरचं बाळ हसलं असावं.
वीतभर अंतर. फवारा त्याच्या अलीकडे सुरू,
पलीकडे बंद, मधे थबकायचं नाही.
आधी काळा. दात, तेल, रेघ, सगळं गेलं,
उरला फक्त आकार.

वर पांढरा मारायचा असतो आभाळातून,
ऊन पडल्यासारखा. पुस्तकी रीत तीच.
पण ह्याचा दिवस तर उन्हानंतर सुरू होतो.
मी डबा खाली आणला,
काठीच्या टोकापाशी, जिथे दिवा असणार होता,
आणि तिथून मारला, दोनदा, हलकेच.

उजळला.
कपाळ, मिशी, शिडीच्या दोन पायऱ्या,
आणि डाव्या डोळ्याखाली
बुडबुड्याचा एक खड्डा, मोहरीएवढा,
सात महिन्यांत मला एकदाही न दिसलेला.

फोन लावला. मास्तर,
अस्तरावर लांबी धरेल का?
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास,
जिना चढतोय असा.
"मास्क लावलायस ना?"

हो म्हटलं.
आणि हनुवटीखालचा वर ओढला.